उचल, वही आणि मर्जी



१८७३ साली जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ छापलं आणि अर्पण केलं ते अमेरिकेतल्या गुलामांना मोकळं करणाऱ्या तिथल्या लोकांना. त्या मुक्तीआधीचा वाद मात्र आपल्याकडे फारसा कुणी सांगत नाही. गुलामगिरी मोडायची का, हा प्रश्न बाजूला ठेवून चाळीस वर्षं तिथले पुढारी भांडले ते ती नव्या मुलखात पसरू द्यायची का, यावर. १८२० साली साडेछत्तीस अक्षांशावर गुलामगिरीची रेघ ठरली. १८५४ च्या कॅन्सस-नेब्रास्का कायद्यानं ती पुसली. सिनेटर डग्लस म्हणाले, तिथं राहायला जाणारेच मतानं ठरवतील. मत अर्थात गोऱ्यांचं. ज्याला राबायचं, त्याला विचारतो कोण!

रेघा आपल्याकडेही ओढल्या गेल्या. इंग्रजांनी १९३६ साली ठाणे जिल्ह्यातला शहापूर तालुका आदिवासी भागांसाठीच्या ‘अंशतः वगळलेल्या’ प्रदेशात घातला, शेजारचं मुरबाड बाहेर ठेवलं. आजही अख्खा शहापूर अनुसूचित क्षेत्रात आहे, मुरबाडची फक्त काही गावं. सावकारी असल्या हद्दी कधी मानत नव्हती. लग्नासाठी कर्ज काढायचं आणि ते फिटेपर्यंत नवरा-बायकोनं सावकाराकडे राबायचं. ठाणे जिल्ह्यात अशा माणसाला लग्नगडी म्हणत. १९४५ साली टिटवाळ्याला किसान सभा भरली, आणि त्याच वर्षी गोदावरी आणि शामराव परुळेकरांबरोबर उंबरगाव-डहाणूचे वारली असल्या वेठीविरुद्ध उठले.

१९७६ च्या कायद्यानं वेठबिगारी गेली. कागदावर.

आता पावसाळ्यात, घरातले दाणे संपले की मुकादम कातकरीवाडीत येतो आणि उचल देतो. दिवाळी झाली की पोरंबाळं घेऊन कुटुंब वीटभट्टीवर. आठवड्याला हातात पडते ती नुसती खर्ची. हिशेब मोसमाच्या शेवटी, तोही मालकाच्या वहीतून. पावसानं भिजलेल्या विटा वजा, आजारपणाचे खाडे वजा. एवढं राबूनही पैसे ‘अंगावर’ निघतात, म्हणजे पुढच्या साली पुन्हा तीच भट्टी. मालकाला विचारा, तो म्हणेल, ‘आपल्या मर्जीनं आलाय, कुणी बांधून आणलं नाही.’ मला इथं डग्लससाहेब आठवतात. मर्जीचा हिशेब करताना भुकेचा महिना तेही धरत नव्हते.

आपला १९७६ चा कायदा मात्र यात अमेरिकेच्या पुढं आहे. वॉशिंग्टन शहरात १८६२ साली गुलाम सोडले, तेव्हा भरपाई मालकांना मिळाली. आपल्याकडे वेठीचं कर्जच रद्द होतं. आणि कलम १५ प्रमाणे, हे कर्ज वेठीचं नाही हे सिद्ध करायचं धनकोनं, कातकऱ्यानं नव्हे. शिवाय प्रत्येक जिल्ह्याला आणि उपविभागाला, म्हणजे प्रांताला, दक्षता समिती हवी, असंही त्यात लिहिलंय. आपल्या भागातल्या समितीची बैठक कधी झाली, हे प्रांत कचेरीत जाऊन विचारायला कुणाचीच हरकत नसावी. फक्त श्रावणातच विचारा, उचल वाटून व्हायच्या आत.