किल्ली कोणाच्या हाती द्यावी?



जगातील मोठमोठ्या कार्यालयांचे संगणक ज्या सॉफ्टवेअरवर चालतात, त्यातील पुष्कळसा भाग ‘मुक्त स्रोत’ म्हणून ओळखला जातो. त्याचा मूळ मजकूर कोणालाही वाचता येतो, त्यात सुधारणाही कोणालाही सुचविता येते. परंतु ती सुधारणा मूळ प्रतीत नोंदविण्याचा अधिकार मात्र मोजक्यांनाच असतो. यालाच ‘कमिट’चा अधिकार म्हणतात. ही किल्ली नव्या माणसाच्या हाती केव्हा द्यावी, याचा आज थोडा विचार करू.

ती कोणासच देऊ नये, हा मार्ग वरवर निर्धोक दिसतो. परंतु मग सारा भार एकाच माणसावर पडतो. तो थकला की कामही थांबते. म्हणून १९९९ साली स्थापन झालेल्या अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशनने एक रीत रूढ केली. जो सातत्याने चांगले काम करतो, त्याच्याविषयी समितीचे सदस्य आपसांत चर्चा करून मत देतात आणि मगच त्याला अधिकाराचे निमंत्रण जाते. तेथे केलेले काम हीच शिफारस.

तथापि केवळ चांगले काम पाहणे पुरेसे नाही, हे ‘एक्सझेड’च्या प्रकरणाने दाखविले. माहितीचा आकार लहान करणारे हे साधन फिनलंडचे लासे कॉलिन वर्षानुवर्षे जवळजवळ एकट्याने सांभाळीत होते. २०२१ पासून ‘जिया टॅन’ हे नाव धारण करणारी व्यक्ती त्यांना मदत करू लागली. २०२२ मध्ये काही अपरिचित नावांनी, कामास विलंब होतो, दुसरा माणूस नेमा, असा तगादा लावला. पुढे जिया टॅनच्या हाती किल्ली आली. फेब्रुवारी २०२४ मधील ५.६.० या आवृत्तीत चोरदरवाजा बसविला गेला. त्याचे तुकडे चाचणीच्या फायलींत दडविले होते; ते कार्यान्वित करणारा भाग तर लोकांपुढील मूळ प्रतीत नव्हताच, तो फक्त वाटपाच्या गठ्ठ्यात होता.

आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरच्या संगणकात प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो असे आढळले. त्याने त्याचा माग काढला आणि २९ मार्च २०२४ रोजी हा प्रकार उघडकीस आणला. बहुतेक संगणकांपर्यंत ती आवृत्ती पोहोचण्यापूर्वीच अनर्थ टळला.

‘विश्वास पानिपतात मेला’ असे आपण सहज म्हणतो. परंतु या प्रकरणातून तोच धडा घेणे योग्य होणार नाही. येथे दोष विश्वासाचा नव्हता. एका थकलेल्या माणसाला तो एकट्याने, तगाद्याखाली ठेवावा लागला, हा खरा दोष होता. म्हणून अधिकार पायरीपायरीने द्यावा. आधी लहानशा भागाचा, मग मोठ्याचा. एकाने केलेला बदल दुसऱ्याने तपासल्यावाचून स्वीकारू नये, मग तो करणारा कितीही जुना असो. नवी आवृत्ती प्रसिद्ध करण्याचा अधिकार निराळा ठेवावा. जो काम सोडून गेला, त्याची किल्ली सन्मानाने परत घ्यावी. आणि घाई करणाऱ्याचा तगादा हे किल्ली देण्याचे कारण कधीही ठरू नये.

आणखी एक गोष्ट. अशा साधनांवर ज्या संस्थांचा कारभार चालतो, त्यांनी ती सांभाळणाऱ्यांना पैशाने व मनुष्यबळाने हातभार लावला पाहिजे. सोबत चार विश्वासू माणसे असतील, तर दारावर येणाऱ्या पाचव्याची नीट पारख करण्यास सवड मिळेल.