जबलपूर १७० मैल

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



अशा मंगल प्रसंगी व्यासपीठावरून साहित्य, संगीत अथवा समाजकार्य यांवर बोलावे, असा संकेत आहे. मी मात्र रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या दगडांविषयी आणि पाट्यांविषयी बोलणार आहे. गेली पन्नासहून अधिक वर्षे मी त्यांची छायाचित्रे काढीत आलो आहे. आमच्या घरी या छंदाला 'दगडांचे वेड' म्हणतात, आणि ते नाव ठेवणाऱ्या बाई आज पहिल्याच रांगेत बसल्या आहेत.

त्यांची तक्रार निराधार नाही. १९७१ साली मी आग्फा क्लिक-थ्री हा साधा कॅमेरा घेतला. त्याच्या एका रोलमध्ये बारा छायाचित्रे निघत. नागपूरच्या प्रवासाचा पहिला रोल धुऊन आला, तेव्हा त्यात नऊ दगड, दोन पाट्या आणि एक सौभाग्यवती निघाल्या. त्याही दगडाला टेकून उभ्या!

या वेडाचे मूळ बालपणात आहे. माझे वडील येथील गन कॅरेज फॅक्टरीत नोकरीला होते आणि आजोळ नागपूरचे. दर उन्हाळ्यात आम्ही सर्व्हिस मोटारीने सिवनीवरून नागपूरला जात असू. दगड दिसला की वडील मोठ्याने आकडा वाचीत, आणि आम्ही भावंडे उरलेले मैल मोजीत असू. नागपुरात मामा आम्हांला शून्य मैलाचा स्तंभ दाखवावयास नेत. त्याच्या पायथ्याच्या दगडावर निरनिराळ्या गावांची अंतरे कोरलेली आहेत : हैदराबाद ३१८ मैल, चांदा १२५, सिवनी ७९ आणि जबलपूर १७०. मामा म्हणत, "बघ, तुझं गाव या दगडालासुद्धा ठाऊक आहे." त्या वयात याहून मोठा सन्मान मला माहीत नव्हता.

पुढे काही वर्षांच्या आत हे अंतर दोनदा वाढले. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत नागपूर ही आमच्याच राज्याची राजधानी होती. त्या दिवशी राज्यपुनर्रचना झाली. राजधानी भोपाळला गेली आणि नागपूर मुंबई राज्यात. वजनमापांचा दशमान कायदाही त्याच वर्षीचा. पुढे यथावकाश रस्त्यांवरील मैलांचे किलोमीटर झाले आणि १७० चे सुमारे २७४ होऊन बसले. वडिलांनी हा नवा आकडा सांगितला, तेव्हा आई कणीक मळता मळता थांबली आणि म्हणाली, "अगं बाई, माझं माहेर इतकं लांब कधी गेलं?" आम्ही हसलो. ती हसली नाही.

रस्त्याची ओळखही स्थिर राहत नाही. वाराणसीहून कन्याकुमारीला जाणारा आमचा मार्ग राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ७ होता. २०१० साली क्रमांक बदलले. आता येथून लखनादौनपर्यंत ३४ आणि तेथून नागपूरपर्यंत ४४. रस्ता चौपदरी झाला, तेव्हा जुने दगड एकेक करून नाहीसे झाले. आज त्यांपैकी काही माझ्या वहीतच उभे आहेत.

या छंदासाठी फार पैसा लागत नाही, दृष्टी लागते. दगडाचा माथा पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्यमार्ग. त्रिकोण सावध करतो, वर्तुळ आज्ञा करते, चौकोन माहिती देतो. नव्या परावर्तक पाट्यांवर फ्लॅश मारू नये. अक्षरे पुसली जाऊन पांढरा डाग उरतो. सिग्नलचा दिवा भर दुपारी अथवा गडद रात्री न टिपता संधिप्रकाशात टिपावा, म्हणजे लाल रंग लालच येतो. आणि गाडी बाजूला उभी करून, उतरून, मगच कॅमेरा हाती घ्यावा.

सिग्नलचीही वंशावळ आहे. रस्त्यावरचा पहिला सिग्नल १८६८ साली लंडनमध्ये, पार्लमेंटजवळ, रेल्वेच्या धर्तीवर उभारला गेला. तो गॅसवर चाले आणि थोड्याच दिवसांत त्याचा स्फोट झाला. त्याच्या वंशजांत मला सर्वांत प्रिय आहे ते २०२० साली दादरला अवतरलेले : पादचाऱ्यांच्या दिव्यात नेहमीच्या पुरुषाऐवजी स्त्रीची आकृती! ते चित्र पाहून आमच्या सौभाग्यवतींनी प्रथमच माझ्या छंदाला मान डोलावली.

परंतु माझ्या संग्रहातील खरे धन निराळेच आहे. खवासा मागे पडून राज्याची सीमा ओलांडली की 'मोड़' चे 'वळण' होते आणि 'विद्यालय' ची 'शाळा'. लिपी तीच, पण पाट्यांवर एक नवे अक्षर उगवते : ळ. सीमेच्या खांबापेक्षा मला त्या अक्षरावरून घर जवळ आल्याचे कळते.

माझी नात येथे हिंदी-इंग्रजीत शिकते. ती 'शाला' म्हणे, 'वलण' म्हणे. रागावून काही साधले नाही. गेल्या उन्हाळ्यात तिच्या हाती मोबाईल दिला आणि म्हटले, सीमेपलीकडचा प्रत्येक 'ळ' टिपून आण. जेथे थांबणे सोयीचे, तेथे आम्ही थांबलो. नागपूर येईतो तिच्याजवळ सतरा 'ळ' जमले होते, आणि प्रत्येक टिपताना ती तो उच्चारून पाहत होती. अठरावा मात्र फसवा निघाला. "आबा, हा ळ नाही, पाटीवर चिखल उडालाय," ती म्हणाली. 'ळ' ही बरोबर, 'चिखल' ही बरोबर! मी गाडीतच टाळी वाजविली.

एक आठवण सांगून थांबतो. १९८३ साली वडील शेवटचे नागपूरला गेले. मोतीबिंदूमुळे त्यांना दगड दिसत नव्हते. मी वाचीत होतो. दोन-तीन आकडे ऐकून ते म्हणाले, "किलोमीटर नको रे. मैलांत सांग." मग सिवनीपासून नागपूरपर्यंत मी मनातल्या मनात आकडेमोड करीत मैल सांगत गेलो. माझे गणित कच्चे. कुठे चुकलो की ते डोळे मिटूनच दुरुस्त करीत. त्यांना तो रस्ता पाठ होता.

आपणा सर्वांच्या घरी जुने अल्बम आहेत. ते उघडून माणसांच्या मागे एखादी पाटी, एखादा दगड, स्टेशनाचे नाव दिसते का ते पाहा. सापडल्यास मागे साल लिहून मंडळाकडे द्या. आपण येथे कुठून आलो आणि किती मैल आलो, हे पुढच्या पिढीला त्यावरून वाचता येईल. सौभाग्यवती दगडाला टेकून उभ्या असतील, तरी चालेल.