पडद्यावरची उपासना

2020 च्या मार्चमध्ये करोनामुळे इंग्लंडमधली चर्च बंद झाली. एप्रिलमध्ये ईस्टर आला. … कँटरबरीचे तेव्हाचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांनी ईस्टरची उपासना चालवली, ती स्वतःच्या स्वयंपाकघरातून. लोकांनी ती घरोघरी पडद्यावर पाहिली. … मग प्रश्न आला. ही खरी उपासना का? माझं उत्तर असं : ऑनलाइन उपासना ही जोड आहे, पर्याय नाही.

(विराम)

कोणी म्हणेल, पडद्यासमोर माणूस नुसता प्रेक्षक होतो. यात तथ्य आहे. प्रार्थना ऐकता येते, गीत सोबत गाता येतं. पण प्रभुभोजनाची भाकर पडद्यातून हाती येत नाही. … तरीही अंथरुणाला खिळलेल्यांना याच वाटेनं मंडळीत सामील होता आलं. … दुसरा आक्षेप : इंटरनेट नसलेल्या वृद्धांचं काय? त्यांच्यासाठी चर्च ऑफ इंग्लंडनं ‘डेली होप’ ही मोफत फोनसेवा सुरू केली. साध्या फोनवर गीतं आणि प्रार्थना ऐकता येऊ लागल्या.

(विराम)

म्हणून पुन्हा सांगतो : ऑनलाइन उपासना ही जोड आहे, पर्याय नाही. … ज्यांना येणं शक्य आहे, त्यांनी चर्चमध्ये यावं. ज्यांना शक्य नाही, त्यांच्यापर्यंत मंडळीनं पोहोचावं.