म्हातारा बैल आणि विम्याचा हिशेब

(पुणे येथील बैठकीत कापूस-ज्वारी पट्ट्यातील शेतकऱ्यांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



कोरडवाहू शेतकऱ्यांची बैठक पुण्यासारख्या शहरात कशाला, असे काही जणांनी विचारले. कारण साधे आहे. राज्याचे पशुसंवर्धन आयुक्तालय इथे औंधला आहे. विमा कंपनीशी भांडण झाले तर ज्याच्याकडे दाद मागायची त्या विमा लोकपालाचे कार्यालय इथे नारायण पेठेत आहे. आपल्या बैलाच्या म्हातारपणाचे निर्णय ज्या कागदांवर होतात, त्यातले बरेच कागद या गावातून जातात. म्हणून आज हा हिशेब इथेच मांडू.

आधी या शहरातलेच एक उदाहरण घेऊ. येरवड्याला मुख्यालय असलेल्या, त्या वेळच्या बजाज अलियान्झ कंपनीने ऑगस्ट २०२० मध्ये पाळीव कुत्र्यांचा विमा बाजारात आणला. सर्वसाधारण जातीच्या कुत्र्याला सात वर्षांच्या आत विम्यात प्रवेश, आणि दहाव्या वर्षी बाहेर. थोराड जातींना त्याहूनही लवकर. शहरातल्या बंगल्यातल्या कुत्र्याला जो नियम, तोच तुमच्या दावणीच्या बैलाला. तरुण असेल तोवर कंपनी दारात उभी राहते. दात झिजले की दार बंद होते. यात कोणाचा दुष्टपणा नाही. विमा हा अनपेक्षित नुकसानीचा धंदा आहे आणि म्हातारपण अनपेक्षित नसते. एवढी एक गोष्ट पक्की समजली तर पुढचे सगळे सोपे जाते.

वयाची चौकट

जनावरांच्या विम्यात वर्षानुवर्षे चालत आलेली चौकट अशी: गाय दोन ते दहा वर्षे, म्हैस तीन ते बारा, वळू तीन ते आठ, बैल तीन ते बारा. एखाद्या कंपनीच्या कागदात थोडा फरक असेल. तो पाहून घ्यावा. आता बैलाचे वय कोण सांगणार? जन्माचा दाखला नाही. वय दातांवरून ठरते. दोनदाती म्हणजे दोन-अडीच वर्षांचा, चौसा म्हणजे तीनच्या आसपास, सहादाती चारच्या आसपास आणि पाचव्या वर्षी बैल जुळतो. जुळल्यानंतर मात्र फक्त दातांची झीज पाहून अंदाज बांधायचा. हलका चारा आणि मातकट कडबा खाणाऱ्या बैलाचे दात लवकर झिजतात. नऊ वर्षांचा बैल कागदावर बाराचा व्हायला वेळ लागत नाही. म्हणून पहिला नियम: बैल चौसा-सहादाती असतानाच त्याचे वय डॉक्टरांकडून कागदावर आणा आणि तो कागद जपा. पुढे वाद झाला तर तोच तुमचा साक्षीदार.

किंमत कोण ठरवतो?

केंद्र सरकारने २००५-०६ मध्ये देशातल्या १०० जिल्ह्यांत पशुधन विमा योजना प्रायोगिक म्हणून सुरू केली. २०१४-१५ पासून ती राष्ट्रीय पशुधन अभियानात गेली. त्या वेळच्या नियमांत दुभत्या जनावराच्या किमतीला मोजमाप होते: गायीला रोजच्या लिटरमागे किमान ३,००० रुपये, म्हशीला ४,०००. बैलाला असे मोजमाप नाही. बैलाची किंमत मालक आणि कंपनीचा माणूस यांनी डॉक्टरांसमोर बोलून ठरवायची. म्हणजे दूध मोजता येते, पण वखर, तिफण आणि डवऱ्याचे काम मोजायला सरकारकडे माप नाही! तेव्हा बोलणी करायला जाताना आठवडी बाजारातल्या ताज्या सौद्याच्या पावत्या बरोबर न्या.

त्याच नियमांत आपल्यासारख्या भागात हप्त्याची मर्यादा एका वर्षाला ३ टक्के, तीन वर्षांना ७.५ टक्के अशी होती. याच दराने उदाहरण करू. समजा, बैल ५०,००० चा आहे. एका वर्षाचा हप्ता १,५०० रुपये. दरवर्षी काढला तर तीन वर्षांचे ४,५००. एकदम तीन वर्षांचा काढला तर ३,७५०. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने शेतकऱ्याचा हिस्सा १५ टक्क्यांवर आणला. बाकीचा केंद्र आणि राज्याने ६०:४० असा वाटून घ्यायचा. या हिशेबाने ३,७५० पैकी तुमचे ५६२ रुपये ५० पैसे. आपल्या तालुक्यात योजना चालू आहे का, कोणत्या कंपनीकडे आहे, हे पशुधन विकास अधिकाऱ्याला विचारा, लेखी विचारा.

वय वाढते तसे काय करावे?

एक. बैल नऊ-दहा वर्षांचा झाला की दरवर्षीच्या नूतनीकरणाच्या भरवशावर राहू नका. तीन वर्षांचा विमा एकदम घ्या. मुदतीत वयाची मर्यादा ओलांडली तर संरक्षण चालू राहते की तुटते, हे सही करण्याआधी पॉलिसीतून वाचून घ्या.

दोन. अनेक पॉलिसींत विम्याची रक्कम आणि मरणाआधीची बाजारातली किंमत यांपैकी जी कमी ती मिळते, असे कलम असते. अशी पॉलिसी असेल तर म्हाताऱ्या बैलावर जुनी मोठी रक्कम ठेवण्यात अर्थ नाही. हप्ता ५०,००० वर भराल आणि हातात २०,००० येतील. नूतनीकरणाच्या वेळी किंमत नव्याने ठरवा.

तीन. मूळ विमा मृत्यूचा असतो. बैल मात्र बहुधा आधी लंगडतो, खांद्यातून जातो, डोळ्याने अधू होतो, मरतो नंतर. कायमचा निकामी होण्याचे संरक्षण जादा हप्ता भरून वेगळे घ्यावे लागते. ओढकामाच्या जनावराला खरी गरज याचीच आहे. तरुण वयातच ते मागा.

चार. कानातला बिल्ला नाही तर दावा नाही. बिल्ला पडला तर त्याच दिवशी लेखी कळवा आणि नवा मारून घ्या. राज्यात १ जून २०२४ पासून बिल्ल्याशिवाय जनावरांच्या खरेदी-विक्रीलाही बंदी केली आहे.

पाच. विमा काढल्यावर पहिले पंधरा दिवस आजाराने मेल्यास बहुधा भरपाई नसते. चोरी, हेळसांड, अतिओझे यांनाही नाही. जनावर मेले तर पुरण्याआधी कंपनीला कळवा, डॉक्टरांकडून शवविच्छेदन करून घ्या, बिल्ल्यासह फोटो काढा.

सहा. विम्यातला बैल विकत घेतला तर उरलेल्या मुदतीची पॉलिसीही आपल्या नावावर करून घ्या.

दावा नाकारला तर गप्प बसू नका. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिन्याभरात उत्तर नाही किंवा समाधान नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जा. तिथे फी नाही आणि वकीलही लागत नाही. जिल्हा ग्राहक आयोगातही पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी पडत नाही.

विम्यात न मावणारा हिशेब

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. वर सांगितलेले सगळे केले तरी बारा वर्षांनंतरचा बैल विम्याबाहेरच राहतो. तो मेलेला नाही, कामाचा नाही आणि रोज चारा खातो. त्याचा हिशेब कोणी करायचा?

पूर्वी हा हिशेब बाजार करत होता. ४ मार्च २०१५ पासून राज्यात गायीबरोबर बैल आणि वळू यांच्याही कत्तलीला बंदी आली. मुंबई उच्च न्यायालयाने मे २०१६ मध्ये ती बंदी कायम ठेवली. कायदा योग्य की अयोग्य, यावर शहरात पुष्कळ चर्चा झाली. खर्च कोणाच्या अंगावर पडला, यावर झाली नाही.

आकडे समजण्यापुरते घेऊ. चार वर्षांचा बैल ५०,००० ला घेतला, बाराव्या वर्षापर्यंत कामाला लावला. शेवटी १५,००० आले असते तर आठ वर्षांचा घसारा ३५,०००, म्हणजे वर्षाला ४,३७५. शेवटी काहीच येणार नसेल तर घसारा ५०,०००, म्हणजे वर्षाला ६,२५०. एका बैलामागे १,८७५, जोडीमागे ३,७५० रुपये दरसाल जादा. शिवाय पुढची जोडी घ्यायला हाती येणारी रक्कम गेली आणि म्हाताऱ्याचा कडबा वाढला. हा सगळा कापसाच्या आणि ज्वारीच्या उत्पादनखर्चात धरायला हवा.

सप्टेंबर २०२४ मध्ये राज्य सरकारने गोशाळेतल्या देशी गायीला दिवसाला ५० रुपये देण्याचा निर्णय घेतला. वर्षाचे होतात १८,२५०. म्हणजे भाकड जनावर पोसायला खर्च येतो, हे सरकारला मान्य आहे. मग आठ वर्षे तिफण ओढून जो थकला आणि ज्याला मालक दावणीलाच पोसतो, त्या बैलाचे ५० रुपये कुठे गेले? आपल्याला भीक नको आहे. जे ओझे समाजाच्या इच्छेने आपल्यावर आले, त्याची किंमत समाजाने द्यावी, नाहीतर ओझे उतरवण्याची मोकळीक द्यावी. दोन्हींपैकी एक.

लम्पीच्या साथीत, २०२२ साली, सरकारने मेलेल्या बैलामागे २५,००० रुपये दिले. ती मदत होती. दरवेळी मिळेलच असे नाही आणि जोडीची किंमत त्यात भरत नाही. विमा हा करार आहे. तो हक्काने मागता येतो. म्हणून गावोगावी दोन कामे घेऊन जाऊ या. प्रत्येक जोडीचे वय, किंमत, बिल्ल्याचा नंबर आणि विम्याची मुदत एका वहीत लिहून ठेवणे, हे पहिले. आणि बारा वर्षांवरच्या बैलांची गावनिहाय मोजणी करून ती पशुधन विकास अधिकाऱ्याच्या टेबलावर ठेवणे, हे दुसरे. पोळ्याला बैलाच्या पाया सगळेच पडतात. त्याच्या म्हातारपणाचा जमाखर्च मांडायचे काम मात्र आपल्यालाच करावे लागणार आहे. पुढच्या जिल्हा बैठकीला येताना वही घेऊन या.