डोळ्याच्या खोबणीची कागदी भिंत

डोळा म्हटला म्हणजे सामान्य माणसाच्या मनापुढे बुबुळ उभे राहते. पापणीकडे लक्ष जाते ते रांजणवाडी झाली तर, आणि डोळा ज्या खोबणीत बसलेला असतो तिचा विचार तर कोणीच करीत नाही. वैद्यकाची दृष्टी अर्थातच निराळी आहे. सुश्रुताने उत्तरतंत्रात जे ७६ नेत्ररोग सांगितले आहेत, त्यांपैकी २१ एकट्या पापणीचे आहेत. खोबणीची रचनाही मोठी विलक्षण. सात हाडांच्या जोडणीने ती बनलेली असते. बाहेरच्या बाजूस ती चांगली भक्कम असते. परंतु नाकाकडील तिची भिंत इतकी पातळ असते की, शारीरशास्त्रज्ञांनी तिच्या नावातच कागदाची उपमा घातली आहे. या भिंतीच्या पलीकडे नाकाभोवतीच्या हाडांतील पोकळ्या, म्हणजे सायनस असतात. नाकातील दुखणे डोळ्यात शिरावयाचे झाल्यास त्याला हीच वाट सर्वांत जवळची.

२०२१ सालच्या उन्हाळ्यात या वाटेने आलेल्या शत्रूने महाराष्ट्रात हाहाकार उडविला. कोरोनातून बऱ्या झालेल्या माणसांना म्युकरमायकोसिस हा रोग होऊ लागला. लोकांनी त्याला ‘काळी बुरशी’ म्हटले. हे नाव यथार्थ नाही. कारण ही बुरशी काळी नसते. ती रक्तवाहिन्यांत शिरून रक्ताचा पुरवठा तोडते व त्यामुळे मेलेले मांस काळे पडते. ती काही परदेशातून आलेली नव्हे. माती, शेणखत, कुजलेला पाला यांत ती सदैव असते आणि तिचे सूक्ष्म कण श्वासाबरोबर प्रत्येकाच्या नाकात जात असतात. निरोगी शरीर त्यांचा सहज नाश करते. रक्तातील साखर बेसुमार वाढलेली असली आणि प्रतिकारशक्ती खचलेली असली, म्हणजे मात्र त्यांना रान मोकळे सापडते.

परभणी जिल्ह्यातील पालमसारख्या तालुक्याच्या गावी याचा अर्थ काय होत असेल, याची कल्पना करून पाहावी. पन्नाशीचा एखादा शेतकरी कोरोनाच्या तापातून उठला आहे. आपणांस मधुमेह आहे हे त्याला कदाचित ठाऊकही नसेल. दहा-बारा दिवसांनी त्याचा गाल दुखू लागतो, नाक चोंदते, एका डोळ्याची पापणी सुजून खाली येते. घरातील माणसे म्हणतात, दाढ दुखत असेल, उन्हाची झळ लागली असेल. दोन दिवस शेकण्यात जातात. तिसऱ्या दिवशी एका वस्तूच्या दोन दिसू लागतात आणि मग लोह्यावरून नांदेडचा रस्ता धरावा लागतो. या रोगात हे दोन-तीन दिवसच सर्वस्व होत.

या साथीचा पद्धतशीर अभ्यास भारतीय नेत्रतज्ज्ञांनीच केला, ही गोष्ट अभिमानाची आहे. डॉ. मृत्तिका सेन, हैदराबादचे डॉ. संतोष होनावर व त्यांचे देशभरातील सहकारी यांनी २८२६ रुग्णांची माहिती एकत्र करून ती २०२१ मध्येच प्रसिद्ध केली. मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे या शहराचे नाव परभणीकरांस परके नाही. असो. या रुग्णांचे सरासरी वय सुमारे ५२ वर्षे होते. शंभरांत ७८ जणांस मधुमेह होता आणि ७२ जणांच्या खोबणीपर्यंत रोग पोचला होता. निम्म्याहून अधिक रुग्णांत तो कोरोनाचे निदान झाल्यापासून दोन आठवड्यांच्या आत उद्भवला. शंभरांत १४ रुग्ण दगावले.

परंतु यांहूनही बोलके आकडे आणखी दोन आहेत. या रुग्णांपैकी प्राणवायू लागला तो शेकडा ५७ जणांस. स्टिरॉइड मात्र दिले गेले शेकडा ८७ जणांस. म्हणजे प्राणवायूची गरज कधीच न पडलेल्या निदान ३० जणांच्या पोटात ते औषध गेले. हे औषध वाईट नव्हे. इंग्लंडमधील मोठ्या चाचणीने २०२० च्या जूनमध्येच दाखवून दिले होते की, प्राणवायू लागणाऱ्या रुग्णांचे प्राण त्याने वाचतात. ज्यांना तो लागत नाही त्यांना मात्र त्यापासून लाभ होत नाही. उलट, मधुमेह्याची साखर त्याने भडकते. त्या भयग्रस्त दिवसांत चिठ्ठीवर चिठ्ठी लिहिली गेली, एकाची चिठ्ठी दुसऱ्याने दुकानात दाखविली, आणि साखर कोणी मोजली नाही. दोष कोणा एकाचा म्हणता येणार नाही. परंतु दोष घडला, हे आकडेच सांगतात.

उपचार तीन अंगांनी चाले. पहिले अंग साखर आटोक्यात आणण्याचे. दुसरे एम्फोटेरिसिन-बी या औषधाचे. व्हेनेझुएलातील ओरिनोको नदीकाठच्या मातीतील सूक्ष्म जंतूपासून १९५५ च्या सुमारास हे औषध हाती आले. मातीतील शत्रूवर मातीतलेच औषध! मे २०२१ मध्ये त्याचा एवढा तुटवडा पडला की, रुग्णांचे नातलग कुपीसाठी शहरोशहरी हिंडले. राज्य शासनाने त्याच महिन्यात हा उपचार महात्मा फुले जनआरोग्य योजनेत घेतला. तिसरे अंग शस्त्रक्रियेचे. मेलेले मांस खरवडून काढल्याखेरीज औषध रोगापर्यंत पोचतच नाही, कारण पोचविणाऱ्या रक्तवाहिन्याच बंद झालेल्या असतात.

आणि येथेच सर्वांत कठीण प्रश्न उभा राहतो. रोगाने खोबण व्यापली, तर डोळा, त्याचे स्नायू, चरबी, प्रसंगी पापण्यादेखील काढून टाकाव्या काय? शेकडो रुग्णांवर ही शस्त्रक्रिया करावी लागली. रोग मेंदूपर्यंत गेलेल्या रुग्णांत सायनस साफ करून खोबणही रिती केली, तेव्हा मृत्यूचे प्रमाण शेकडा ५२ वरून ३९ वर आल्याचे या अभ्यासात दिसले. तथापि हा आकडा जपून वाचला पाहिजे. रुग्णांची चिठ्ठ्या टाकून केलेली ही विभागणी नव्हे. ज्याची प्रकृती शस्त्रक्रिया सोसण्याजोगी होती त्याच्यावरच ती झाली असणार. शिवाय ५२ आणि ३९ यांमधील अंतर कितीही मोलाचे असले, तरी ३९ हा आकडाही भयंकरच आहे. रोग खोबणीपाशी अडविता आला, तर डोळा वाचविण्याची खटपट करता येते. त्याकरिता डोळ्यामागे याच औषधाची सुई देण्याचा प्रयोग शेकडा २२ रुग्णांवर करण्यात आला.

ज्यांचा डोळा गेला त्यांच्यापैकी काहींना पुढे सिलिकोनचा कृत्रिम डोळा पापणीसकट करून देतात. तो चष्म्याच्या चौकटीला जोडतात किंवा खोबणीवर चिकटवितात. ती पापणी मिटत नाही. रात्री चष्मा काढला की खोबणीची जागा उघडी पडते, ती रोज स्वच्छ करावी लागते, आणि हे काम बहुधा घरातील स्त्रियांकडे येते.