बर्फावरची हॉकी

आपल्या कर्जत-खालापूरच्या दमट हवेत बर्फ भेटतो तो खोपोलीजवळच्या इमॅजिका थीम पार्कच्या हिमउद्यानात. आइस हॉकीला मात्र ६० मीटर लांबीचं, गोठवलेलं गुळगुळीत मैदान लागतं. चेंडूऐवजी रबराची चकती असते. ती उसळू नये म्हणून सामन्याआधी तीही गोठवतात!

भारत या खेळाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेत आला १९८९ मध्ये. आपला महिला संघ २०१६ साली तैपेईत पहिल्यांदा आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरला आणि पुढच्याच वर्षी बँकॉकमध्ये त्याने फिलिपाइन्सला ४-३ असं हरवलं. केवढी जिद्द! या संघातल्या बहुतेक मुली लडाखच्या, हिवाळ्यात गोठणाऱ्या तळ्यांवर खेळ शिकलेल्या. याच संघाने २०२५ च्या आशिया चषकात कांस्यपदक मिळवलं.