लोहारशाळेंतलें चर्च



जोतीरावांनीं 1873 सालीं ‘गुलामगिरी’ हें पुस्तक अमेरिकेंतील सदाचारी लोकांस अर्पण केलें. कां, तर त्यांनीं काळ्या गुलामांस दास्यांतून सोडविलें. आम्ही तिकडे गेलों नाहीं, शाळेच्या नकाशांतच तो मुलूख पाहिला. वाचलें तें सांगतों.

तेथें राष्ट्राचा सरकारी धर्म नाहीं. 1791 च्या घटनादुरुस्तीनें तशी मनाईच आहे. चांगली गोष्ट! पण देवापुढें कोणीं कोठें बसावें, हें त्या कायद्यानें सुटेना. फिलाडेल्फियांतील एका चर्चमध्यें काळे लोक गुडघे टेकून प्रार्थना करीत असतां त्यांस मध्येंच उठविलें. त्यांत रिचर्ड ॲलन होता. जन्माचा गुलाम, स्वतःची किंमत मोजून सुटलेला, जोडे शिवणारा. त्यानें लोहाराची जुनी शाळा विकत घेतली, ती आपल्या जागेवर हलविली आणि 1794 सालीं तेथेंच आपल्या लोकांचें चर्च उघडलें. लोहारदादा, भात्याच्या जागीं देव बसला म्हणा ना!

त्यांचें राजकारणही पुढें अशाच चर्चांतून उभें राहिलें. माँटगोमेरी शहरीं सर्व्हिस मोटारींत काळ्यांना मागें बसवीत, गोरा आला कीं उठवीत. 1955 सालीं चर्चमध्यें सभा भरली, मार्टिन ल्यूथर किंग हा 26 वर्षांचा धर्मोपदेशक बोलला, आणि मोलकरणी, स्वैंपाकिणी 381 दिवस मोटारींत चढल्या नाहींत. आमच्या आयाबायांना पायीं चालण्याचें नवल नाहीं. पण भाड्याचे पैसे कनवटीला असून चालणें, हें आम्हांस जमेल काय? शेवटीं वरिष्ठ कोर्टाचा निकाल लागला, तेव्हांच त्या मोटारींत चढल्या, आणि हव्या त्या जागीं बसल्या.